कपाटाची किल्ली कोणाकडे?

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेच्या मुख्याध्यापिकेचं पत्र आलं आहे. पाचवी ते दहावीच्या शाळेत नऊ दिव्यांग मुलं आहेत: एक पूर्ण अंध, दोन अल्पदृष्टी, तीन कर्णबधिर, एक सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी) असलेला मुलगा आणि दोन बौद्धिक दिव्यांग. चार वर्षांपूर्वी देणगीतून बरीच साधनं मिळाली. ती वापरता येणाऱ्या शिक्षकांची पुढच्याच वर्षी बदली झाली आणि तेव्हापासून सगळं एका लोखंडी कपाटात आहे. लॅपटॉप आहे, पण त्यातल्या वाचन-सॉफ्टवेअरचा परवाना संपला आहे. भिंगं, ब्रेल पाट्या आणि श्रवणयंत्रांच्या मुदत उलटलेल्या बॅटऱ्याही तिथेच पडून आहेत. व्हीलचेअर जिन्याखाली आहे, तिचे दोन्ही टायर बसलेले. फिरते विशेष शिक्षक महिन्यातून दोनदा येतात. आता एक कंपनी तीन लाखांची ‘सुसज्ज साधन खोली’ द्यायला तयार आहे आणि वरूनही ‘घेऊन टाका’ असा आग्रह आहे.

बाई लिहितात: ‘आमचे शिक्षक उदासीन आहेत. कपाट उघडा म्हटलं तर एक जण म्हणाले, हरवलं-फुटलं तर माझ्या पगारातून जाईल. आठवीतली अल्पदृष्टी मुलगी वर्गात मोबाईलवर फळ्याचा फोटो काढताना सापडली. नियमाप्रमाणे मोबाईल जप्त करावा लागला. अशा वातावरणात तंत्रज्ञान कसं रुजणार? अडीच वर्षांनी मी निवृत्त होईन. माझ्यामागेही टिकेल असं काहीतरी करून जायचं आहे. खोली घेऊ का? कोणती साधनं मागू?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रश्न साधनांच्या यादीचा वाटला आणि मी यादी करायलाही बसले. दुसऱ्या वाचनात मात्र त्या आठवीतल्या मुलीपाशी थांबले आणि यादी बाजूला ठेवली.

तिने काय केलं ते पुन्हा बघा. फळ्यावरचं दिसत नाही. रोज शेजारणीची वही मागायची तर तीही कंटाळते. मग हिने फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि वहीत उतरवून घेतला. तिला हे कोणी शिकवलं नाही, कुठल्या शिबिरात तिची तपासणी झाली नाही, शाळेचा एक रुपया खर्च झाला नाही. आपली अडचण नेमकी कुठे आहे हे ओळखून तिने स्वतःच साधन निवडलं आणि ते रोज वापरत होती. तुमच्या शाळेत खरोखर वापरात असलेलं सहायक साधन सध्या बहुधा तुमच्या टेबलाच्या खणात आहे.

हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मोबाईलचा नियम बाकीच्या तीनशे मुलांसाठी योग्यच आहे. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळांवर मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि नियमाला लेखी अपवाद करणं ही अशीच एक सोय. पालकांचा अर्ज घ्या. त्यावर तुमची परवानगी लिहा: फोन फ्लाइट मोडवर, बाकावर सगळ्यांना दिसेल असा, फोटो फक्त फळ्याचा. वर्गशिक्षकांनी हे वर्गासमोर सांगावं, म्हणजे तिला चोरून काही करावं लागणार नाही. घरचा फोन रोज आणणं जमत नसेल, तर शाळेतला एखादा टॅब तिच्या नावावर द्या.

आता ‘उदासीन’ या शब्दाकडे येते. तुमच्या शिक्षकांचं जे वाक्य तुम्ही उदासीनतेचा पुरावा म्हणून दिलं आहे, ते मला भीतीचं वाटलं. ‘माझ्या पगारातून जाईल’ असं माणूस उगाच म्हणत नाही. जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, एकदा वस्तू चढली की वर्षअखेरच्या पडताळणीत ती दिसलीच पाहिजे आणि लेखापरीक्षणात ती दाखवताही आली पाहिजे. मुलाने वापरली, वापरून झिजली, दप्तरातून पडून फुटली, हे लिहायला त्या वहीत रकानाच नाही. भिंग मुलाला दिलं आणि हरवलं, तर कागदावर शिक्षक अडकतो. कपाटात ठेवलं तर त्याला कोणीच काही विचारत नाही. साधन जपून ठेवणाऱ्याला आपण निर्धास्त केलं आहे आणि वापरायला देणाऱ्याला धोक्यात टाकलं आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. विशेष शिक्षिका म्हणून माझ्या पहिल्याच शाळेत एक ब्रेल टाइपरायटर होता. त्याची पोच मी सही करून घेतली होती. दीड वर्ष मी तो प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवला आणि फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर काढला. माझ्याकडे एक अंध मुलगा होता, फार हुशार. तो दहावी होऊन गेला आणि त्या यंत्राच्या कळांना त्याचा हात लागला तो मोजून तीन-चार वेळा. मी उदासीन नव्हते. नोकरी नवी होती आणि मला भीती वाटत होती. त्या मुलाची मी आजही अपराधी आहे.

म्हणून कंपनीला उत्तर देण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलवा आणि ठराव करून घ्या. सहायक साधनं मुलांच्या वापरासाठी आहेत, ती मुलांबरोबर घरीही जातील, आणि वापरताना होणारी झीज किंवा अपघाताने होणारी मोडतोड यांची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहा. निकामी वस्तूंचं निर्लेखन, म्हणजे त्या नोंदवहीतून कमी करणं, दरवर्षी रीतसर करायचं, तेही लिहा. बॅटऱ्या, श्रवणयंत्राचे कानात बसणारे साचे, ब्रेलचा कागद अशा संपणाऱ्या वस्तू जडवस्तूंत न चढवता उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत घ्या. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना देऊन पोच घ्या. वरून काही हरकत यायची असेल तर ती आत्ताच येऊ द्या, पाच वर्षांनी लेखापरीक्षणात नको. मग ग्रंथालयासारखी एक साधी देवघेव वही घाला: मुलाचं नाव, वस्तू, तारीख, वस्तूची स्थिती, पालकांची सही. जे शिक्षक पगाराचं बोलले, त्यांनाच या ठरावाचा मसुदा करायला सांगा. अडचण त्यांच्याइतकी कोणाला माहीत असणार!

आता खोलीचं. मी तुमच्या जागी असते तर ही खोली घेतली नसती, पण पैसे नाकारलेही नसते.

खोलीला माझा विरोध एवढ्यासाठी की मुलाची अडचण खोलीत नसते. फळा वर्गात असतो, प्रयोगाचं टेबल प्रयोगशाळेत, गृहपाठ घरी आणि खेळाचा तास मैदानावर. साधन खोलीत ठेवलं की मुलाला वर्ग सोडून साधनाकडे जावं लागतं आणि वर्गातलं तेवढं शिकणं बुडतं. शिवाय विशेष शिक्षक महिन्यातून दोनदाच येणार असतील, तर उरलेले दिवस त्या खोलीला कुलूपच असेल. थेरपीसाठी, व्यायामासाठी जागा लागते हे खरं. पण ती जागा गट साधन केंद्रावर असलेली बरी, तिथे ती सगळ्या गटातल्या मुलांच्या उपयोगी पडते.

साधनं पडून का राहतात, याचा शोध इतर देशांतही घेतला गेला आहे. अमेरिकेत १९९३ साली फिलिप्स आणि झाओ या संशोधकांनी २२७ दिव्यांग प्रौढांकडून त्यांच्या साधनांची माहिती घेतली. २९.३ टक्के साधनं वापरातून पूर्ण बाद झालेली निघाली. त्यांना चार कारणं ठळक दिसली: निवडताना वापरणाऱ्याचं मत न विचारणं, साधन नीट काम न करणं, माणसाची गरज बदलणं, आणि साधन फार सहज मिळणं. चौथं कारण वाचून मी थबकले होते. सहज मिळणं हे वाईट कसं? पण आपल्याकडचं वाटप शिबिर आठवा. रांग असते, नाव पुकारतात, हातात वस्तू येते, फोटो निघतो. ती वस्तू या मुलाला चालते का, हे तपासायला वेळच नसतो. तुमच्या कपाटातल्या साधनांचं दुखणं मला तिथूनच सुरू झालेलं दिसतं.

यावर जॉय झबाला या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी घालून दिलेला क्रम मला फार उपयोगी पडला. आधी मूल, मग त्याचा परिसर, मग त्याला करायचं काम, आणि साधन सगळ्यांत शेवटी. तुमच्या नऊ मुलांसाठी नऊ पानं करा. प्रत्येक मुलाचे वर्गशिक्षक, पालक आणि ते मूल यांनी एकत्र बसून एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: सकाळी घरून निघाल्यापासून झोपेपर्यंत हे मूल नेमकं कुठे अडतं? ‘दिसत नाही’ असं मोघम लिहायचं नाही. ‘दुपारी तिसऱ्या तासाला खिडकीचा उजेड फळ्यावर पडतो तेव्हा दिसत नाही’ असं लिहायचं. अशी उत्तरं लिहू लागलात की बऱ्याच अडचणी बाजारातून काही न आणताच सुटतात. पडदा लागतो, बाक बदलतो. प्रश्नपत्रिका ए-फोरवरून ए-थ्रीवर झेरॉक्स केली की अक्षर जवळजवळ दीडपट होतं.

कर्णबधिर मुलांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे सगळ्यांत जास्त पैसा वाया जातो आणि थांबवायला सगळ्यांत सोपा तोच. पुष्कळ श्रवणयंत्रांत झिंक-एअर बॅटरी असते. तिच्यावरची चिकटपट्टी काढली की हवा आत जाते आणि यंत्र वापरा न वापरा, ती संपू लागते. रोज वापरलं तर एक-दोन आठवड्यांत नवी लागते. यंत्र फुकट मिळतं, पण दर पंधरवड्याला बॅटरी कोण आणणार? घरात अडचण असली की तोच खर्च आधी थांबतो. मूल बंद यंत्र कानाला लावून वर्गात बसतं आणि आपण म्हणतो, यंत्र देऊनही लक्ष देत नाही. दुसरी गोष्ट कानातल्या साच्याची. मुलाचा कान वाढतो, साचा सैल होतो, शिट्टी वाजू लागते, बाकीची मुलं हसतात आणि मूल यंत्र काढून दप्तरात टाकतं. वाढत्या वयात साचा वेळोवेळी नवा करावा लागतो.

यासाठी रोज सकाळी एक मिनिट पुरतं. कर्णबधिर मुलांच्या शिक्षणातले तज्ज्ञ डॅनियल लिंग यांची सहा आवाजांची चाचणी आहे: आ, ई, ऊ, म, श, स. परिपाठानंतर वर्गशिक्षकांनी ओठ कागदाने झाकून हे आवाज एकेक काढायचे, क्रम रोज बदलायचा. मुलाने ऐकू आलेला आवाज परत म्हणायचा, किंवा नुसता हात वर करायचा. काल ‘स’ येत होता आणि आज येत नसेल, तर बॅटरी, साचा किंवा कान यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. याला प्रशिक्षण लागलंच तर अर्ध्या तासाचं. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, हे पालकांना सांगा.

अंध मुलासाठी महागडा परवाना पुन्हा घेऊ नका. एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्याचा परवाना संपत नाही, आणि ते मराठीही वाचतं. संगणक कक्षातल्या प्रत्येक यंत्रावर टाका. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हे तसंच वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आधीपासून असतंच. खरी अडचण आपल्या टायपिंगची आहे. शाळेतल्या चाचण्या, सूचना आणि नोट्स अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या प्रमाण अक्षरसंचात नाही. छापल्यावर ते सुंदर मराठी दिसतं, पण संगणकाला आत रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो आणि सॉफ्टवेअर तोच वाचत सुटतं. कार्यालयातल्या लिपिकापासून सगळ्यांनी युनिकोडमध्ये टाइप करायचं एवढा निर्णय तुम्ही उद्या घेऊ शकता. माझ्या मते तुमच्या शाळेतली ही सगळ्यांत मोठी साधनसुधारणा ठरेल, आणि तिला खर्च शून्य.

आवाज आला म्हणून ब्रेल मात्र सोडू नका. ऐकून गोष्ट कळते, शुद्धलेखन येत नाही. पहिली वेलांटी की दुसरी, हे कानाला कसं कळणार? गणिताची मांडणीही बोटांखाली लागते. कपाटातल्या ब्रेल पाट्या बाहेर काढा, त्यांना मुदत नसते. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय आहे, छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६ पासून चालू असलेलं ऑनलाइन ग्रंथालय. मुलाचं सभासदत्व काढून द्या.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आधी नीट बसता आलं पाहिजे. पाय टेकायला पाट, कंबरेला आधार आणि उतरतं लिहिण्याचं फळकूट हे गावचा सुतार करून देईल. माप मात्र फिजिओथेरपिस्टकडून घ्या आणि दरवर्षी पुन्हा घ्या. बोलणं स्पष्ट नसेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांवरून बोलणारं मोफत ॲप मराठीतही आहे. व्हीलचेअर स्टँडवरच्या सायकलवाल्याकडे न्या. ट्यूब, ब्रेक, बेअरिंग हे त्याचंच काम आहे, त्याला वर्षाचं ठरवून द्या. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी चित्रांचं वेळापत्रक आणि सूचना ध्वनिमुद्रित करून देणं, एवढ्याने सुरुवात होते.

आता तीन लाख. जे मुलांना हक्काने मिळायला हवं, ते देणगीतून विकत घेऊ नका. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत योग्य सहायक साधनं मोफत मिळावीत, हे कायद्यातच आहे. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून तपासणी शिबिरं होतात, साधनं अलिम्को या कानपूरच्या सरकारी कंपनीकडून येतात. त्यासाठी मुलांची यूडीआयडी कार्डं (दिव्यांगत्वाची ओळखपत्रं) आणि यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातली नोंद बिनचूक असली पाहिजे. ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. बॅटऱ्यांचा वर्षाचा खर्च त्या निधीतून मिळावा म्हणून ग्रामसभेत अर्ज द्या. पालकांनी स्वतः उभं राहून मागितलं तर अधिक चांगलं.

कंपनीला लिहा की शाळेला खोली नको, तीन वर्षांचा कार्यक्रम हवा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) नियमांत चालू प्रकल्पांना सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत मुभा असते, त्यामुळे टप्प्याटप्प्याने पैसे देणं त्यांना अशक्य नाही. माझा हिशेब असा: निम्म्यापेक्षा जास्त रक्कम वस्तूंवर घालायची नाही. उरलेल्यात बॅटऱ्या, साचे, दुरुस्ती, पालकांचा जिल्ह्याच्या ठिकाणी जायचा प्रवासखर्च, आणि विशेष शिक्षकांनी सलग आठवडाभर शाळेत राहून शिक्षकांना वर्गातच शिकवायचा खर्च. शिवाय प्रत्येक वस्तू घेण्याआधी महिनाभर वापरून बघायला मागा. त्यांना उद्घाटनाचा कार्यक्रम हवा असेल तर त्यात गैर काही नाही. तो वर्षअखेर ठेवा, आणि फीत कापण्याऐवजी मुलांना साधनं वापरून दाखवू द्या, त्यांची इच्छा असेल तर. हे मान्य नसेल आणि खोलीच द्यायची असेल, तर आभार मानून नाही म्हणा. वरिष्ठांना दाखवायला तुमच्याकडे नऊ पानं असतील. ती वाचल्यावर आग्रह बराच सैल होतो, असा माझा अनुभव आहे.

राहिली तुमच्या निवृत्तीची काळजी. बदल्या होणारच, तुमच्या हातात काही नाही. म्हणून प्रत्येक साधनाला दोन माणसं जोडा: एक शिक्षक, आणि एक न बदलणारा माणूस, म्हणजे आई, आजोबा, गावातला स्वयंसेवक, नाहीतर मूल स्वतः. बॅटरी बदलणं, एनव्हीडीए पुन्हा टाकणं हे सातवीतलं मूल सहज शिकतं आणि पुढच्या पोराला शिकवतं. पदभार देताना जी यादी करतो तिच्यात ही नऊ पानं जोडायची, हेही त्याच ठरावात घाला, म्हणजे येणाऱ्या मुख्याध्यापकांना कपाटाबरोबर मुलंही कळतील. जून आणि नोव्हेंबर, वर्षातून दोनदा पानं पुन्हा लिहायची. जे साधन दोन वेळा ‘वापरत नाही’ असं निघालं, ते का वापरत नाही हे मुलाला विचारायचं आणि शेजारच्या शाळेत ज्याला लागेल त्याला देऊन टाकायचं.

सुरुवातीला नऊही मुलं एकदम घेऊ नका. या सत्रात तीनच घ्या: ती आठवीतली मुलगी, एक कर्णबधिर मूल आणि अंध मुलगा. आणि सोमवारी त्या मुलीला कार्यालयात बोलवा, फोन परत द्या, फळा वाचायला ती तो नेमका कसा वापरते ते दाखवायला सांगा. तिच्या वर्गशिक्षकांनाही त्या वेळी शेजारी बसवा. पहिलं पान तिथेच लिहून होईल.